लोड ४,२०० आला म्हणजे गोळी फेल गेली का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घणसोलीला राहता, महापेला शिफ्टची नोकरी, २०१७ पासून एचआयव्हीची एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी औषधं) चालू, आधी एफाव्हिरेन्झवाली गोळी होती, २०२१ ला सेंटरने टीएलडी या तीन औषधांच्या एकत्र गोळीवर टाकलं. दरवर्षी लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) असा यायचा, यावेळी ४,२०० आला. सेंटरने गोळी बदलली नाही, काउन्सेलिंग लावलं आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट करू म्हणाले. तुमचं म्हणणं असं की विषाणू रेझिस्टंट झालाय, म्हणजे औषधाला दाद देत नाही, तर तीच गोळी खात तीन महिने कशाला घालवायचे, त्यापेक्षा प्रायव्हेटला जाऊन स्ट्राँग औषध सुरू करतो. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की नाइटच्या आठवड्यात एखाददुसरी गोळी राहते, गॅसचं सिरप चालू आहे, आणि जिम लावल्यापासून पावडर घेताय.

मला विचाराल तर सगळी गोम त्या शेवटच्या ओळीत आहे.

मी ठाण्यात फिजिशियन आहे, आधी बरीच वर्षं सरकारी एआरटी सेंटरला होते. तुमचं ग्रीन बुक, म्हणजे सेंटरची उपचाराची वही, मी पाहिलेलं नाही, किडनीचे रिपोर्ट, कावीळ बी आहे का, टीबीचं किंवा फिटचं औषध कधी चालू होतं का, यातलं काहीच मला माहीत नाही आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने सल्ला बदलू शकतो. त्यामुळे मी विचार कसा करते ते सांगते, निर्णय तुमच्या सेंटरच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

पहिलं म्हणजे ‘माझ्या शरीराला गोळीची सवय झाली’ असं तुम्ही लिहिलंय, तसं काही नसतं. शरीराला काही होत नाही, बदलतो तो विषाणू. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात हा रोज साधारण १,००० कोटी नव्या नकला काढतो, आणि नकला काढणारं त्याचं जे एन्झाइम आहे ते चूक तपासून बघत नाही, लिहिलं ते लिहिलं. त्याचा सगळा मजकूर जेमतेम दहा हजार अक्षरांचा, तरी दर दोन-तीन नकलांमागे एखादं अक्षर चुकतंच. बहुतेक चुकांनी विषाणूचंच नुकसान होतं. पण एवढ्या प्रचंड संख्येत एखाद्या नकलेत नेमकं असं अक्षर बदलतं की एका औषधाला तिथे धरायलाच जागा राहत नाही. म्हणजे एकेका औषधाला चकवणारा विषाणू गोळी सुरू व्हायच्या आधीपासूनच कुठेतरी थोड्या प्रमाणात असतो. त्याला फक्त संधी पाहिजे असते.

म्हणून तीन औषधं एकत्र. समजा एकजण विनातिकीट ठाण्याहून पनवेलला निघालाय आणि ऐरोली, तुर्भे, नेरुळ असे तीन ठिकाणी तीन टीसी चढणार आहेत, प्रत्येकाला फसवायची युक्ती वेगळी. एकाला गंडवणारे बरेच भेटतील, पण एकाच फेरीत तिघांनाही गंडवणारा जवळजवळ नाहीच. तुमच्या टीएलडीत टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम आहे, पहिली दोन नक्कल काढणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि तिसरं विषाणूला आपल्या पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही.

हे शहाणपण उशिरा आलं. १९८७ ला झिडोव्ह्युडिन हे पहिलं औषध आलं तेव्हा ते एकटंच द्यायचे, माणूस काही महिने सुधारायचा आणि परत खाली जायचा. तीन औषधांची जोडणी १९९६ च्या सुमारास बसली आणि मृत्यू धडाधड कमी झाले. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. त्याआधी मी शिकत होते तेव्हा लोक खिशाला परवडेल तसं घ्यायचे, पगार झाला की महिनाभराचं, मग पंधरा दिवस काहीच नाही, काहीजण तीनऐवजी दोनच औषधं, आणि एकाच बाटलीतल्या गोळ्या नवरा-बायको वाटून खायचे हेही बघितलंय. कुणाला दोष देणार, पैसेच नव्हते. पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगात तेव्हा तयार झालेला रेझिस्टंट विषाणू आजही पेशींमध्ये झोपून आहे, कारण एकदा तयार झालेली नक्कल पुसली जात नाही, साठ्यात जाऊन बसते आणि तेच औषध परत दिलं की उठते. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या फायली फेकू नका असं मी सगळ्यांना बजावते, कुठलं औषध कधी घेतलं हे एकेकदा नव्या टेस्टपेक्षा जास्त सांगून जातं.

आता तुमच्याबद्दल. रेझिस्टन्स कधी तयार होतो हे नीट समजून घ्या कारण इथे बहुतेकांचा गोंधळ आहे. औषध रक्तात पूर्ण असेल तर विषाणू वाढतच नाही, मग नवी चूक कुठून होणार. औषध अजिबातच नसेल तर तो वाढतो खरा, पण रेझिस्टंट नकलेला त्यात काही फायदा नसतो, उलट जुना मूळ विषाणूच जोरात पुढे जातो. धोका मधल्या पट्ट्यात आहे. औषध आहे पण पुरेसं नाही, विषाणू वाढतोय आणि त्याच वेळी जो औषधाला चकवतो त्याचीच निवड होतेय. आठवड्यात दोन गोळ्या चुकणं, गोळी खाऊन ती अंगी न लागणं, मनानेच एक दिवसाआड घेणं, हे सगळं या पट्ट्यात येतं.

तुमची जुनी एफाव्हिरेन्झवाली गोळी याबाबतीत फार नाजूक होती. ते औषध रक्तात रेंगाळतं, गोळ्या बंद केल्यावर बाकीची दोन औषधं ओसरली तरी ते आठवडाभर किंवा त्याहून जास्त एकटंच मागे राहतं, म्हणजे माणसाला वाटतं सगळं बंद आहे आणि आत एका औषधाचा उपचार चालू असतो. आणि त्या एकट्याला हरवायला विषाणूला एकच अक्षर बदलून पुरतं. गणपतीला गावी गेले, घरी माहीत नाही म्हणून गोळ्या नेल्याच नाहीत, असे पेशंट दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला यायचे आणि त्यातले काहीजण त्या एका सुट्टीतच गोळी गमावून बसलेले असायचे. एक बाई तर बाटलीत कापूस कोंबून न्यायच्या, गोळ्या खुळखुळल्या की सासूबाई विचारतील म्हणून. पण नेत होत्या, एक चुकवली नाही.

डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानाने दणकट आहे. विषाणूला डीएनएत घुसवणारं जे एन्झाइम आहे त्याला घट्ट चिकटून बसतं, एखाद्या बदलाने सुटत नाही, विषाणूला तिथे बरेच बदल जमवावे लागतात आणि त्यात तो स्वतः कमजोर होतो. याचा अर्थ रेझिस्टन्स होतच नाही असा नाही. डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये चार सर्व्हेंचे आकडे दिले, त्यात डोल्युटेग्रॅव्हिरला रेझिस्टन्स ३.९ ते ८.६ टक्के होता आणि ज्यांचा लोड वर असतानाच जुन्या औषधावरून यावर आणलं त्यांच्यात १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. तुम्हाला २०२१ ला बदललं तेव्हा लोड दबलेला होता असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्या दुसऱ्या गटात तुम्ही नाही. त्यामुळे टीएलडीवरच्या माणसाचा लोड वर आला तर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न ‘रेझिस्टन्स कुठला’ हा येत नाही. गोळी पोटात जातेय का आणि पोटातून रक्तात जातेय का, हे आधी बघते.

आणि इथे तुमचं सिरप येतं. गुलाबी, पांढरं, पुदिन्याचं, कुठलंही घ्या, गॅसच्या बहुतेक सिरपमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. डोल्युटेग्रॅव्हिर पोटात या धातूंना जाऊन चिकटतं आणि तसंच बाहेर पडतं. दोन्ही एका वेळी घेतलं तर रक्तातलं औषध साधारण पाव हिश्शावर येतं. म्हणजे गोळी रोज घेताय, डबी वेळेवर संपतेय, सेंटरला मोजल्या तर हिशोब बरोबर, आणि आत पाऊण औषध वाया. कॅल्शियम, लोह, झिंक असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या आणि जिमच्या काही पावडरीही याच जातीच्या, रिकाम्या पोटी सोबत घेतल्या तर नुकसान करतात. माझ्याकडे एक गृहस्थ होते, गोळी कधीच चुकवत नाही म्हणून शपथेवर सांगायचे आणि ते खरंच होतं. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा म्हटलं तर टेबलावर कॅल्शियमची बाटली, बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या, अँटासिड आणि टीएलडी असं सगळं ओतलं आणि म्हणाले, रात्री जेवल्यावर दोन तासांनी एकदाच बसतो आणि एकाच पेल्यात सगळं उरकतो. वेळा वेगळ्या करून दिल्या, गोळी तीच ठेवली, पुढच्या टेस्टला लोड खाली.

वेळ पाळायचा नियम सोपा आहे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घ्यायचं असेल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतलं तर चालतं, रिकाम्या पोटी असेल तर तोच दोन-सहाचा हिशोब. पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी डोल्युटेग्रॅव्हिरला काही होत नाही, त्यामुळे गॅस रोजचाच असेल तर सिरप सोडून त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पावडरीच्या डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो काढून सेंटरला दाखवा, त्यात काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

शिफ्टचं काय करायचं. ‘उठल्यावर घेतो’ हे फिरत्या शिफ्टमध्ये चालत नाही, कारण तुमचं उठणंच दर आठवड्याला सरकतं आणि बदलाच्या दिवशी हमखास घोळ होतो. त्यापेक्षा घड्याळातली अशी वेळ शोधा की तिन्ही शिफ्टमध्ये तुम्ही जागेच असाल. बहुतेकांना रात्री ८ जमतं, फर्स्टला घरी, सेकंडला कंपनीत, नाइटला निघायच्या तयारीत. सेकंडच्या आठवड्यासाठी एक गोळी पाकिटात किंवा किल्ल्यांच्या छोट्या डबीत ठेवा. मग दुपारी २ नंतर सिरप नाही, रात्री १० नंतर चालेल, पावडर सकाळी. टीएलडीला जेवणाचं बंधन नाही. झोप उडतेय असं वाटलं तर डॉक्टरांना सांगून वेळ सकाळकडे न्या, पण मग तीही पक्की. आणि राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडा, दोन एकदम घेऊ नका.

आता तुम्हाला राग आलाय त्या तीन महिन्यांचं. आपल्या सरकारी कार्यक्रमात १,००० किंवा वर लोड आला की आधी कारण शोधून ते दुरुस्त करायचं, तीन महिने गोळी नीट जातेय याची खात्री करायची आणि मग परत लोड. दबला तर गोळी चांगली आहे, गडबड घेण्यात होती. तरीही १,००० च्या वर राहिला तर मग फेल्युअर समजून केस वरच्या तज्ज्ञ पॅनलकडे जाते आणि दुसऱ्या फळीचं औषध ठरतं. हे वेळकाढूपण नाही. कारण न शोधता औषध बदललं तर नवं औषधही त्याच सिरपसोबत, त्याच नाइट शिफ्टमध्ये, तसंच अर्धवट जाणार, आणि पुढच्या फळीची औषधं काही ढिगाने पडलेली नाहीत. फक्त एक अट, या तीन महिन्यांत खरंच दुरुस्ती झाली पाहिजे. काउन्सेलिंग म्हणजे नुसतं ‘गोळ्या वेळेवर घ्या हं’ असं होत असेल तर तुम्हीच सिरप, पावडर, शिफ्ट हे सगळं बोलून काढा. समोरच्याला विचारायला वेळ नसतो, बाहेर बाकावर पन्नास लोक बसलेले असतात. आणि काउन्सेलरला खरं सांगा, चुकल्या तर चुकल्या म्हणा, ओरडा खाल्लेला परवडला.

रेझिस्टन्स टेस्ट लगेच करून घेऊ का, असंही विचारलंय. करता येते, तुमच्या ४,२०० वर बहुधा निघेलही, १,००० च्या खाली मात्र विषाणू इतका कमी असतो की टेस्ट बऱ्याचदा लागतच नाही. पण ती गोळी चालू असतानाच करायची असते. काहीजण आठवडेच्या आठवडे औषध बंद ठेवून मग टेस्ट करतात, तोवर मूळ विषाणू परत वर आलेला असतो आणि रिपोर्ट स्वच्छ दिसतो, तो रिपोर्ट खोटा आधार देतो. माझा कल विचाराल तर आधी तीन महिने नीट, मग गरज पडली तर टेस्ट. ज्याने आधी दोन-तीन प्रकारची औषधं खाल्लीत, किंवा लोड लाखात आहे, सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) घसरलाय, त्याच्या बाबतीत मी एवढी थांबणार नाही. तुम्ही त्यात बसत नाही असं वरवर दिसतंय.

रिपोर्ट कधी काढलाच तर त्यात ‘एम१८४व्ही’ असं काही दिसेल आणि पुढे लॅमिव्ह्युडिन रेझिस्टंट लिहिलेलं असेल. घाबरू नका, आणि डॉक्टरांनी तरीही लॅमिव्ह्युडिन चालू ठेवलं तर भांडू नका. हा बदल झालेला विषाणू स्वतः लंगडा होतो आणि टेनोफोव्हिरला उलट जास्त बळी पडतो, म्हणून तो तसाच लंगडा ठेवण्यात आपला फायदा असतो. लोकांना हे पटवताना माझी दमछाक होते.

प्रायव्हेटमधल्या ‘स्ट्राँग’ औषधाबद्दल दोनच शब्द. तुमच्या स्थितीत बाहेरही बहुतेक हीच तीन औषधं मिळतील, फक्त बाटलीवरचं नाव वेगळं आणि पैसे तुमचे. दुसऱ्या फळीत प्रोटीएझ गटाची औषधं आहेत, अटाझानाव्हिर किंवा लोपिनाव्हिर, सोबत रिटोनाव्हिर, ती चांगली आहेत पण जास्त स्ट्राँग वगैरे काही नाहीत, त्यांच्या तऱ्हा वेगळ्या. अटाझानाव्हिरने डोळे पिवळे दिसू शकतात, घरचे कावीळ म्हणून घाबरतात, आणि त्याला तर पँटोप्राझोलही चालत नाही, तुमच्या गॅसचं मग काय करणार. दोन महिन्यांतून एकदाच्या इंजेक्शनबद्दल वाचलं असेल तर ते ज्यांचा लोड आधीच दबलेला आहे त्यांच्यासाठी आहे. मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्या काढ्याच्या जाहिराती वाशी स्टेशनपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे आहेत, त्यांच्याबद्दल मी लिहायला बसले तर सभ्य भाषा राहणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने, ‘नाहीतरी काम करत नाहीये’ म्हणून तीन महिने गोळी बंद ठेवू नका. लोड चढेल, सीडीफोर उतरेल, आणि कावीळ बी सोबत असेल आणि ते तुम्हाला माहीतच नसेल तर आणखी कठीण, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, अचानक सोडलं तर लिव्हर भडकू शकतं. एचबीएसएजी (कावीळ बीची) तपासणी ग्रीन बुकात लिहिलेली आहे का ते आजच बघा. टीबी निघाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं तरी लगेच सेंटरला सांगा, त्यात डोल्युटेग्रॅव्हिरचा बारा तासांनी जादा डोस लागतो, तो राहिला तर परत हीच कथा. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच. डायबिटीसची मेटफॉर्मिन घेत असाल तर उलटा प्रकार, तिचं प्रमाण रक्तात वाढतं, डोस बघून घ्यावा लागतो.

मिसेस निगेटिव्ह आहेत म्हणालात. लोड ‘डिटेक्ट होत नाही’ असा टिकून होता तोवर संबंधातून लागण होत नव्हती, पण ४,२०० वर ती खात्री आता नाही. परत दबल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कंडोम, न चुकता. त्यांची तपासणीही एकदा करून घ्या, तुमच्याच सेंटरला सोय असते. त्यांना हे कसं सांगायचं याची भीती वाटत असेल तर दोघं मिळून काउन्सेलरकडे बसा, त्यांचं रोजचंच काम आहे. कंपनीत कळेल याचीही भीती लिहिलीय तुम्ही, तर २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय कुणी तुमची स्थिती उघड करू शकत नाही आणि या कारणाने नोकरीवरून काढताही येत नाही. सेंटर बंद असताना काही अडलं तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या व्हिजिटला सिरपची बाटली, पावडरच्या लेबलचा फोटो, जुनं-नवं ग्रीन बुक आणि महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक घेऊन जा. इथे उत्तर द्यायचं असेल तर फक्त एवढंच लिहा की टीएलडी किती वाजता घेता आणि सिरप किती वाजता. सेंटरचं नाव, एआरटी नंबर, रिपोर्टचा फोटो यातलं काहीही इथे टाकू नका.